‘लूसन’चा पाठ

“रिलॅक्स,” हुद्दार सर म्हणाले. “बी रिलॅक्स, शालनबाई. अंग सैल सोडा.”

“सोडलंय सर.”

“खांदे खाली घ्या.”

“खालीच आहेत सर.”

“मग दात का आवळलेत?”

आवळले नसते तर वाजले असते, म्हणून आवळले होते. पण हे आपल्या मार्गदर्शकाला कुठं सांगत बसायचं! मी नुसती मान हलवली. कराडच्या त्या शाळेच्या व्हरांड्यात मी खांद्याला कापडी पिशवी, एका हातात गुंडाळी फळा आणि दुसऱ्या हातात झेंडूची कुंडी असा सगळा संसार घेऊन उभी होते. आत आठवी ‘ब’चा वर्ग माझी वाट बघत होता. बी.एड.चा वार्षिक पाठ, तोही इंग्रजीचा, आणि माझा दुसऱ्यांदा.

दुसऱ्यांदा, कारण पहिल्यांदा मी नापास झाले होते. मागच्या वर्षी वर्गात गेले, ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, ‘सिट डाऊन’ म्हटलं आणि तिथंच माझी वाचा गेली. मुलं तरी बिचारी काय करणार, ती आधीच बसलेली होती. मी हातात खडू धरून उभी, मुलं माझ्याकडं बघतायत, परीक्षक घड्याळाकडं बघतायत, असा तो तास संपला. बाहेर आल्यावर शिपाईसुद्धा माझ्याशी हळू आवाजात बोलला.

तसं बघायला गेलं तर माझ्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं. विट्याच्या ज्या शाळेत मी शिकवत होते, तिथं माझा आवाज शेजारच्या दोन वर्गांना फुकट ऐकू जायचा. पण मागच्या बाकावर कुणी मार्क देणारा येऊन बसला, की माझं पार लाकूड व्हायचं. आणि यंदा लाकूड होऊन चालणार नव्हतं. संस्थेच्या सेक्रेटरींनी बोलावून सांगितलं होतं, “बाई, तुम्ही शिकवता चांगलं, पण अप्रशिक्षित माणूस आता ठेवता येत नाही. जूनमध्ये बी.एड. झालात तर कायम. नाहीतर तुमचा वर्ग दुसऱ्या बाईंकडं.” तुमचा वर्ग दुसऱ्या बाईंकडं! हे ऐकून मला सवत आणतायत म्हटल्यासारखं झालं होतं. पगाराचं मी कसंही निभावलं असतं, आमच्या ह्यांची एस.टी.च्या डेपोत मेकॅनिकची नोकरी होती. पण मला तो वर्ग सोडायचा नव्हता.

तेव्हापासून जो भेटेल तो मला एकच सांगत होता. जाऊबाई म्हणाल्या, रिलॅक्स. ओळखीचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, रिलॅक्स राहायचं बाई. धड चाललेल्या माणसाला अडखळायला लावायचं असेल, तर त्याला दोनदा रिलॅक्स म्हणावं. तिसऱ्यांदा म्हणायची गरज पडत नाही.

आणि वार्षिक पाठासाठी मला घटक कुठला यावा? आठवीच्या पुस्तकातल्या एका उताऱ्यातला शब्द, त्याचे अर्थ आणि उपयोग. शब्द होता ‘लूसन’. सैल करणे, ढिलं करणे. हुद्दार सरांनी तो मला सांगितला तेव्हा ते स्वतःच हसले होते. मी नव्हते हसले.

आता हे मराठीत शिकवायचं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. पण आमच्या कॉलेजात डायरेक्ट मेथडचा दंडक होता. इंग्रजीच्या पाठात छात्राध्यापकाने मराठी शब्द उच्चारायचा नाही. अर्थ सांगायचा नाही, दाखवायचा. टेबल म्हणायचं आणि टेबलावर हात मारायचा. मराठी तोंडातून निघालं की पाठ बाद. आणि परीक्षक म्हणून यायचे ते धुमाळ सर. उंच, शिडशिडीत, पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली. मागं एका मुलीच्या पायावर डस्टर पडलं, ती ‘अगं बाई’ म्हणाली, आणि तेवढ्यावर त्यांनी तिचा पाठ बाद केला होता, असं सगळं कॉलेज सांगायचं.

“वस्तू आणल्यात ना सगळ्या?” हुद्दार सरांनी विचारलं.

“दोरी, पट्टा, बरणी, कुंडी,” मी म्हणाले. दोरीची गाठ सैल करायची, कमरेचा पट्टा सैल करायचा, बरणीचं झाकण सैल करायचं, कुंडीतली माती खुरप्यानं सैल करायची. एक शब्द, चार उपयोग. बरणीत मी मुद्दाम कैरीचं लोणचं भरलं होतं. झाकण सैल झालं की वास सुटणार, वर्ग खूश होणार, आणि लूसन हा शब्द जन्मात विसरणार नाही, असा माझा हिशेब होता. काचेची बरणी, पत्र्याचं फिरकीचं झाकण.

“बरणी सांडली नाही ना एस.टी.त?”

“नाही सर. एक थेंब नाही.”

त्याचं मलाही नवल वाटत होतं. विटा-कराड रस्ता तेव्हा असा होता, की पोटातलं पाणी हलायचं. सकाळी निघताना माझी एकच रड चालली होती, की तेल गळून साडी खराब होणार. तेव्हा आमचे हे म्हणाले, “तू वेणी घाल. बरणीची काळजी करू नको, मी बघतो तिच्याकडं.” मी वेणी घालून आले तोवर बरणी पिशवीत गेली होती. ह्यांच्या चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान होतं. मला वाटलं, काय गुणाचा नवरा!

घंटा झाली. मी वर्गात शिरले.

धुमाळ सर मागच्या बाकावर बसले होतेच. त्यांच्या शेजारी हुद्दार सर जाऊन बसले. मी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं, ‘सिट डाऊन’ म्हटलं, आणि मनात म्हणाले, शालन, आता पुढचं बोल गं बाई. दोरी वर धरली.

“व्हॉट इज धिस?”

“रोप, टीचर!” वर्ग एका सुरात ओरडला.

ती सराव शाळा होती. वर्षभर आमच्यासारख्यांचे पाठ झेलून ती मुलं इतकी तरबेज झाली होती, की त्यांना पाठाच्या पायऱ्या आमच्यापेक्षा जास्त पाठ होत्या. आधी प्रस्तावनेचे प्रश्न, मग आज आपण काय शिकणार हे सांगायचं, मग विषय, मग उजळणी, शेवटी गृहपाठ. मी दुसरा प्रश्न विचारायच्या आत पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. शबाना मुलाणी तिचं नाव. दोन वेण्या, डोळे भारी चलाख.

“टीचर,” ती म्हणाली, “टुडे वी आर गोइंग टु लर्न…” आणि पुढचा शब्द माझ्यासाठी मोकळा ठेवून ती बसली.

“लूसन,” मी म्हणाले. माझं अर्धं काम तिनंच करून टाकलं होतं.

मी दोरीला गाठ मारली. “आय टायटन द नॉट.” ओढून घट्ट केली. “नाऊ, आय लूसन द नॉट.” गाठ सैल केली. मुलांनी ते पुन्हा म्हटलं. मग हणमंत नावाच्या वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोराला पुढं बोलावलं, ह्यांचा पट्टा त्याच्या कमरेला लावला, आवळला, सैल केला. वर्ग हसला. धुमाळ सर काहीतरी लिहीत होते. माझा आवाज माझा मलाच रेडिओतून आल्यासारखा वाटत होता, पण येत होता. पाठ केलेलं सगळं बरोबर बाहेर पडत होतं.

मग मी बरणी काढली.

“लुक. धिस इज अ लिड. इट इज टाइट. नाऊ आय लूसन द लिड.”

झाकण फिरवलं. फिरलं नाही.

मी हसले. पदर झाकणावर धरून पुन्हा फिरवलं. छे! बरणी पोटाशी धरली, ओठ आवळले, सगळा जोर लावला. माझ्या बांगड्या वाजल्या, झाकण तसूभर हललं नाही. आणि त्या क्षणाला माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘मी बघतो तिच्याकडं.’ ज्या माणसाचा जन्म एस.टी.च्या चाकांचे नट आवळण्यात गेला, त्याच्या हातात मी बरणी दिली होती!

मानेवरून घाम निघाला.  मागच्या वर्षीचं ते सगळं आता पायापासून वर चढतंय, हे मला कळत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं.

“हणमंत,” मी म्हणाले, “कम. लूसन द लिड.”

हणमंत आला. त्यानं हातावर थुंकी टाकली, मी डोळे वटारले, त्यानं ती चड्डीला पुसली. मग असा पिळा दिला, की त्याचे कान लाल झाले.

“टीचर,” तो म्हणाला, “लिड इज नॉट लूसन.”

“आय ट्राय, टीचर!” दुसरा एक उठला. “मी टीचर!” तिसरा. बरणी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर निघाली. कुणी सदऱ्याच्या टोकात धरून फिरवतोय, कुणी दोघं मिळून, एक बरणीला लोंबकळतोय आणि एक झाकणाला. “यू होल्ड, आय लूसन!” “नो, यू होल्ड!” मुलींनी मागितली तर पोरं देईनात. शबानानं ओढून घेतली, तिलाही जमलं नाही, तिनं नाक मुरडून पुढं दिली. वर्गनियंत्रणाला दहा मार्क असतात. ते मी डोळ्यांदेखत जाताना बघितले.

अशी ती बरणी शेवटच्या बाकापर्यंत गेली. तिथं हुद्दार सर आणि धुमाळ सर. पोरगं थबकलं. कुणी पुढं काय करायचं ते सांगितलं नव्हतं. त्यानं मोठ्या आदबीनं दोन्ही हातांनी बरणी धुमाळ सरांपुढं धरली.

“सर, प्लीज लूसन.”

 हुद्दार सरांनी ‘नो नो’ म्हणून हात पुढं केला. पण धुमाळ सरांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं, आणि बरणी घेतली.

शेवटी पुरुषमाणूस. समोर न निघणारं झाकण आणि बघायला सगळा वर्ग, मग कोण मागं सरतो? त्यांनी आधी सरळ धरून एक झटका दिला. नाही. मग त्यांनी बरणी उलटी केली, झाकण बाकावर दोनदा आपटलं, खिशातला रुमाल झाकणाला गुंडाळला आणि तशी उलटीच धरून खालच्या बाजूनं पिळायला लागले.

मी बघत होते. ते फिरवत होते ते आपल्या नेहमीच्या बाजूला. पण बरणी उलटी! म्हणजे झाकण सैल व्हायच्या ऐवजी आणखी आवळलं जात होतं. सर जोर लावतायत, कपाळाची शीर फुगलीये, आणि जितका जोर लावतील तितकं ते झाकण घट्ट!

सांगायचं कसं? परीक्षकाला चूक दाखवायची? तीही इंग्रजीत? ‘उलटी’ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला तेव्हा देवाशपथ आठवेना. मी नुसती हातानं खूण करत होते, बरणी सरळ करायची, पण ते माझ्याकडं बघतच नव्हते.

आणि शबाना उभी राहिली.

“टीचर,” ती खणखणीत आवाजात म्हणाली, “सर इज नॉट लूसनिंग. सर इज टायटनिंग!”

कुणी पढवलेलं नव्हतं तिला ते. पुस्तकात नव्हतं, माझ्या पाठाच्या टाचणात नव्हतं. तिनं बघितलं आणि सांगितलं. वर्गात एकच हशा पिकला. “येस टीचर! टायटनिंग!” “सर, अदर साइड!” “सर, मोअर टायटनिंग!” धुमाळ सरांना वाटलं मुलं हुरूप देतायत. त्यांनी दात आवळून आणखी एक पिळा घातला, आणि मला ते बघवेना.

“अहो, उलटं फिरवताय!” मी ओरडले. “आधी ती बरणी सरळ धरा की! मगापासून आवळताय कशाला तिला?”

अगदी ह्यांच्यावर ओरडते तशी. त्याच पट्टीत.

 हुद्दार सरांनी डोळे मिटून घेतले. मुलांनी माझ्याकडं बघितलं, मग धुमाळ सरांकडं. त्या पोरांनाही दंडक माहीत होता.

धुमाळ सरांनी बरणीकडं बघितलं. ती सरळ केली. झाकण नेहमीच्या बाजूनं धरून, दोन्ही पाय जमिनीला रोवून, एक जोर लावला. फट्ट! झाकण निघालं आणि तेल उसळून थेट त्यांच्या पांढऱ्या बाहीवर.

वास सुटला हो सगळ्या वर्गात. काय सुटला!

“सर, लूसन द बटन!” हणमंत ओरडला. “सर, शर्ट डर्टी! लूसन द स्लीव्ह!” दोन-तीन पोरं मदतीला धावली. सर बाहीचं बटण काढायला लागले, तेलकट बोटांनी ते निघेना. “लूसन, सर, लूसन!” आणि मला हसू फुटलं. बाद तर बाद. पाठ तसाही गेलाच होता, आता घाबरायला काय शिल्लक होतं? मी मुलांत जाऊन उभी राहिले आणि जे सुचेल ते विचारायला लागले. शूज टाइट झाले तर काय करता? दप्तराचा बंद? बैलाची दोरी? मुलं बाकांवर उभी राहून उत्तरं देत होती, अर्धी चुकीची, पण स्वतःची. पाठ केलेलं एक वाक्य त्यात नव्हतं. कुंडीतली माती सैल करायला तर सगळा वर्ग पुढं आला. झेंडू काही वाचला नाही.

तेवढ्यात घंटा झाली. उजळणी राहिली. फळ्यावर एक अक्षर लिहिलं नव्हतं. गृहपाठ तरी द्यावा म्हणून मी आवाज चढवून म्हणाले, “गो होम. फाइंड वन टाइट थिंग. लूसन इट. टुमारो, टेल मी.”

“टुमारो?” शबाना हसली. मग पाठ संपलाच आहे म्हणून ती मराठीतच म्हणाली, “बाई, बी.एड.च्या बाई परत कधी येत नसतात. गृहपाठ देतात आणि जातात. आम्ही कुणाचाच करत नाही.”

तिच्या बोलण्यात काही चिडणं नव्हतं. साधं माहिती देण्यासारखं बोलली. पण मला ते लागलं.

धुमाळ सर बाही धुवायला नळावर गेले ते गेलेच. हुद्दार सर व्हरांड्यात माझ्याजवळ आले. 

“सर, बाद?”

“एक शब्द असता तर मी हातापाया पडलो असतो,” ते म्हणाले. “तुम्ही तीन वाक्यं बोललात, बाई. आणि बोललात कुणाला!”

“पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल?”

“पुढच्या वर्षी तुमची शाळा राहील का?”

मी पिशवी भरली आणि एस.टी. गाठली.

घरी आले तेव्हा हे दारातच उभे. “काय झालं? सांडलं नाही ना?”

“तुम्ही काय केलंत त्या झाकणाला?”

“पान्यानं आवळलं,” हे आनंदानं म्हणाले. “आधी फडकं लावलं, चरा पडू नये म्हणून. मग पाना. का? गळलं?”

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. रडत सांगितलं, मधेच हसत सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरत गेला. बिचारे भिंतीला टेकून उभे राहिले.

“मला काय ठाऊक ते उघडायचं होतं!” ते शेवटी म्हणाले. “तू म्हणालीस गळायला नको. आमच्याकडं काही ढिलं राहिलं तर गाडी खड्ड्यात जाते, शालन.”

“माझी गेलीच की.”

“माझ्यामुळं गेली.”

“तुमच्यामुळं कशी? तोंड माझं सुटलं.”

मी पदरानं डोळे पुसले. मग मी म्हणाले, “उद्या सकाळची कराडची गाडी कितीला?”

“आता कशाला?”

“गृहपाठ तपासायला.”

हे माझ्याकडं बघत राहिले. मार्क मिळणार नव्हते, कुणी बोलावलं नव्हतं, तिकिटाचे पैसे वर. पण मला त्या पोरीचं ते बोलणं सोडत नव्हतं. मास्तरकी माझ्या हातून जाणार असेल तर जाऊ दे, पण दिलेला गृहपाठ न बघता सोडून देणाऱ्यांत माझं नाव नको होतं. हे सगळं मी ह्यांना समजावून सांगणार, तेवढ्यात हेच म्हणाले, “साडेसातची पकड. तिचे ब्रेक मी काल स्वतः बघितलेत.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी मी वर्गशिक्षकांची परवानगी घेतली आणि आठवी ‘ब’च्या दारात उभी राहिले. वर्गात कलकल चालली होती. एकानं मला बघितलं, मग सगळ्यांनी, आणि वर्ग आपोआप उभा राहिला.

“बाई,” हणमंत म्हणाला, “पाठ झाला ना तुमचा?”

“झाला. होमवर्क?”

मुलं एकमेकांकडं बघायला लागली. मला वाटलं, आता माना खाली जाणार. मी तरी कशाला आले, असं झालं. तेवढ्यात मधल्या बाकावरचा एक बारकासा मुलगा उठला.

“टीचर, आय लूसन माय सिस्टर्स वेणी. शी वॉज क्राइंग. नाऊ नो क्राइंग.”

दुसरा उठला. त्यानं सायकलची चेन सैल केली होती, आता सायकल चालत नव्हती. एकीनं लहान भावाचं अंगडं सैल केलं होतं. एकानं आजोबांच्या बाजेची दोरी सैल केली होती. “ग्रँडफादर नाऊ ऑन द फ्लोअर, टीचर,” तो म्हणाला, आणि वर्ग खो खो हसला. हणमंतानं शेळीची गाठ सैल केली होती. “गोट गॉन. फादर बीट मी,” असं तो मोठ्या अभिमानानं म्हणाला. सगळ्यांनी केला होता असं नाही. पण केलेल्यांची रांग लागली होती, आणि न केलेले तिथल्या तिथं काहीतरी सैल करत होते. कुणी बुटाची नाडी, कुणी दप्तराचा बंद.

हसता हसता माझं दाराकडं लक्ष गेलं. धुमाळ सर उभे होते. पुढच्या तासाला कुणाचा तरी पाठ बघायला आले असणार. कधीपासून उभे होते, देव जाणे. शर्ट दुसरा होता.

“बाई,” ते म्हणाले, “आज तुमचा पाठ नाही.”

“नाही सर.”

“मग?”

“गृहपाठ दिला होता सर. तो बघायला आले.”

 सर वर्गाकडं बघत राहिले. मी पिशवी उचलायला लागले, आणि ती शबाना, तिला भीती नावाची चीजच ठाऊक नव्हती, उभी राहिली.

“सर,” ती म्हणाली, “अँड यू? व्हॉट डिड यू लूसन?”

  धुमाळ सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता ही पोर जाते मुख्याध्यापकांकडं.

“येस्टरडे इव्हनिंग,” ते सावकाश म्हणाले, “आय लूसन्ड वन रूल.”

मुलांना ते काही उमगलं नाही. रूल म्हणजे रूळ का पट्टी, यावर मागं कुजबुज सुरू झाली. सर माझ्याकडं वळले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मराठी बोललं की पाठ बाद, तो नियम. तुमच्यापुरता. पास केलंय तुम्हाला.” थोडं थांबून म्हणाले, “एवढ्या वर्षांत मुलांचं इंग्रजी मी पाठ केलेलंच ऐकलं होतं, बाई.”

 मी खडू उचलला आणि फळ्याकडं तोंड केलं, आणि तशीच उभी राहिले. मागं मुलांनी वह्या उघडल्याचा आवाज आला. त्यांना वाटलं, बाई आता काहीतरी लिहून देणार आहेत.